१८० ला भागा

मंडळी, मागे ऐकू येतंय ना? माना हलताहेत, म्हणजे येतंय. पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव ‘घर आणि डेक : एक नातं’ असं छापलंय. ते मी दिलेलं नाही. मी लिहून दिलं होतं, ‘लेजरच्या बोल्टांमधलं अंतर कसं काढावं’. संयोजकांना वाटलं, या नावाला कोणी फिरकणार नाही. आता नात्याविषयी ऐकायला आलेल्यांनी अजूनही उठायला हरकत नाही, मी वाईट वाटून घेणार नाही.

इथे अमेरिकेत पुष्कळ घरांमागे डेक, म्हणजे लाकडी ओटा असतो, त्यामुळे लेजर म्हणजे काय ते फार सांगत नाही. घराच्या भिंतीला आडवी बसवलेली जाड फळी. तिच्यावर जॉइस्टची, म्हणजे डेकची जमीन पेलणाऱ्या आडव्या वाशांची, एका बाजूची टोकं टेकतात आणि दुसरी टोकं बाहेरच्या तुळईवर, खांबांवर. खातेवहीलाही लेजरच म्हणतात, आणि ते नाव चपखल आहे, कारण डेकचा निम्मा भार या खात्यावर पडतो. जड ट्रंक दोघांनी दोन टोकांना धरली की निम्मी-निम्मी वाटली जाते, तसंच. बाहेरचा गडी म्हणजे खांब, तो सगळ्यांना दिसतो आणि त्याची लोक चौकशीही करतात. आतला गडी भिंतीला चिकटून उभा असतो. त्याच्या हातात ताकद किती, हे कोणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. आता ती गोष्ट. आमच्या हिने बजावलंय, की ही गोष्ट पाच मिनिटांत आटप. तिने ती फार वेळा ऐकली आहे.

आमचा डेक घराच्या भिंतीलगत दहा फूट, आणि भिंतीपासून बाहेर चौदा फूट. अरुंद आणि लांब, आगगाडीच्या फलाटासारखा. मी इंजिनिअर माणूस, म्हटलं सुताराला कशाला बोलवायचं? लाकूड आणलं. दुकानात ‘टू बाय एट’ म्हणून देतात, घरी येऊन टेप लावा, दीड बाय सव्वासात भरतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच गंडवलंय. नंतर कळलं, की सगळ्यांनाच तेवढंच मिळतं आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. असो.

मग घरबांधणीचा कोड, म्हणजे नियमावली काढली, त्यात लेजरचा तक्ता. हा तक्ता २००९ च्या आवृत्तीत आला, आणि त्यामागे व्हर्जिनिया टेक आणि वॉशिंग्टन स्टेट या विद्यापीठांत प्रत्यक्ष जोड तोडून घेतलेल्या चाचण्या आहेत. डाव्या बाजूला स्पॅन, पुढे अंतर. आमचा डेक दहा फुटांचा. दहा फुटांसमोर अर्धा इंची लॅग स्क्रूला, म्हणजे पान्याने आवळायच्या जाड स्क्रूला, लिहिलंय १८ इंच. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोडले, उरले ११६. त्यात सात गाळे, आठ स्क्रू, गाळा साडेसोळा इंचांचा. अठराच्या आत! मी स्वतःवर खूश. भोकं पाडली, स्क्रू पान्याने आवळले. शेवटचे दोन फेरे आवळताना लाकूड कण्हतं ना, तो आवाज ऐकून मला फार समाधान वाटलं होतं.

इन्स्पेक्टर आले. शांत गृहस्थ. खाली वाकून पाहिलं, टेप काढलीच नाही. एवढंच विचारलं, “जॉइस्ट कुठून कुठे जातात?” मी म्हटलं, “भिंतीपासून बाहेर.” “किती फूट?” “चौदा.” ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या दहा सेकंदांत मला माझी चूक कळली. स्पॅन म्हणजे जॉइस्टची झेप, लेजरची लांबी नव्हे! चौदासमोर आकडा होता १३.

आता पुढची गंमत बघा. मी वाद घातला. चौदा गुणिले दहा, १४० चौरस फूट. माणसांचा भार चौरस फुटाला ४० पौंड आणि डेकचं स्वतःचं वजन १०, मिळून ५०. एकूण ७००० पौंड, लेजरवर निम्मे, ३५००. एका लॅग स्क्रूला धरायचे ३७५. म्हणजे स्क्रू हवेत सव्वानऊ, म्हणजेच दहा. आहेत आठ. दोनच कमी आहेत, दोन वाढवतो की! ते म्हणाले, “तक्ता संख्या सांगत नाही, अंतर सांगतो. तेराच्या वर एकही गाळा मला चालणार नाही.” साडेसोळाचा प्रत्येक गाळा तेराच्या आत आणायचा तर मध्ये एकेक स्क्रू घालावाच लागतो. हिशेबाने दोन कमी होते, बसवावे लागले सात. आज आमच्या डेकला पंधरा स्क्रू आहेत. येणारे-जाणारे म्हणतात, काय भक्कम काम केलंय! मी गप्प बसतो.

ही चिठ्ठी कसली? दहा मिनिटं. बरं. मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही, पण येतो.

फक्त एक आधी. खिळे. जुन्या घरांत लेजर नुसता खिळ्यांनी ठोकलेला दिसतो. खिळा खाली सरकू देत नाही, मान्य. पण लाकूड भिजतं, फुगतं, वाळून आकसतं आणि दर वर्षी खिळा जरासा बाहेर येतो. मग एक दिवस माणसं कठड्याशी जमतात, डेक बाहेरच्या बाजूला ओढ घेतो आणि लेजर भिंतीपासून सुटतो. तक्त्यात खिळ्यांचा रकानाच नाही. आणि पाणी! लेजरच्या वर पाणी अडवणारा फ्लॅशिंगचा पत्रा नसेल तर तुमचा बोल्ट कितीही जाड असो, तो कुजक्या लाकडात आहे. २०१५ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला बाल्कनी कोसळून सहा तरुण गेले, तिथे तुळया आतून कुजल्या होत्या. ती बाल्कनी वेगळ्या तऱ्हेची होती, लेजरवाली नव्हती. पण पाण्याला त्याच्याशी काय देणंघेणं? साधा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन लेजरच्या खालच्या कडेला टोचून बघा. बटरमध्ये सुरी जावी तसा आत गेला, तर पुढचं माझं भाषण ऐकूच नका, घरी जा.

आता मुद्दा. तक्ता पाठ करायचा नाही. लॅग स्क्रूचा रकाना काढा. सहा फुटांना ३० इंच, दहाला १८, बाराला १५, अठराला १०. गुणाकार करा. सहा त्रिक अठरा, पुढे शून्य : १८०. दहा अठरे १८०. बारा पंधरे १८०. अठरा दाहे १८०. आठ, चौदा आणि सोळा फुटांनाही तेच, फक्त पूर्ण इंच केलेले. सगळा रकाना म्हणजे एकच आकडा! १८० ला झेपेच्या फुटांनी भागा, अंतर इंचांत मिळतं. हा आकडा येतो कुठून? झेपेच्या निम्म्या फुटांना ५० ने गुणा, लेजरच्या दर फुटावरचा भार आला. एक स्क्रू ३७५ पौंड उचलतो, म्हणून ३७५ ला त्या भाराने भागा, अंतर फुटांत आलं; बाराने गुणून इंच केले की वर १८० उरतात, बस्स.

मग ‘दोन जॉइस्टच्या मध्ये एक स्क्रू’ हा सुतारांचा नियम कुठे फसतो तेही दिसतं. जॉइस्ट १६ इंचांवर असतात. १८० भागिले १६, सव्वाअकरा. झेप सव्वाअकरा फुटांच्या आत असेल तर नियम बरोबर, पुढे कमी पडतो. सुतार खोटं बोलत नसतो, त्याचे आजवरचे डेक लहान असतात इतकंच.

आरपार बोल्टचा आकडा ३४० च्या आसपास येतो, एखाद्या इंचाच्या फरकाने. म्हणजे एका बोल्टला सुमारे ७०० पौंड, लॅगच्या जवळजवळ दुप्पट. कारण मागे नट आणि वॉशर असतात, दोन्ही फळ्या चिमटीत धरल्यासारख्या राहतात. लेजर आणि भिंत यांच्यात पाणी निथळायला वॉशर रचून अर्ध्या इंचाची फट ठेवलीत, तर हाच आकडा २८८ होतो, बोल्टमागे ६०० पौंड. अर्ध्या इंचाच्या फटीने शंभर पौंड खाल्ले, कारण बोल्टला तेवढ्या अंतरात आधार नाही, तो वाकतो. ३६ इंचांच्या वर मात्र जायचं नाही, भागाकार काहीही येवो.

दोन मिनिटं? ठीक. स्क्रू एका रेषेत नको, वर-खाली नागमोडी, नाहीतर लाकूड रेषेने चिरतं. लेजरच्या वरच्या कडेपासून दोन इंच, खालच्या कडेपासून पाऊण इंच. वर जास्त का? भार लेजरला खाली दाबतो, म्हणून बोल्ट लेजरला वर रेटतो, आणि वरच्या कडेला लाकूड कमी असेल तर तिथूनच फाटतं. मागच्या बँड जॉइस्टमध्ये, म्हणजे घराच्या ज्या कडेच्या फळीला लेजर जोडतो तिच्यात, बरोबर उलटं, तिथे दोन इंच खाली ठेवायचे. लॅगचं टोक मागून बाहेर दिसलं पाहिजे. विटांच्या आवरणावर लेजर टांगायचा नाही. लॅग हातोडीने ठोकायचा नाही, आधी भोक, मग पाना. डेक भिंतीपासून ओढला जाऊ नये म्हणून वेगळे अँकर लागतात, दोन असतील तर दीड हजार पौंडांचे, चार असतील तर साडेसातशेचे. त्यांचा या १८० शी संबंध नाही, तो विषय आज राहिला.

आणि बोल्ट लावले असतील तर वर्षभराने नट पुन्हा आवळून बघा. लाकूड वाळलेलं असतं, पहिला अर्धा फेरा हाताने फिरतो.