आधी डिंगी उतरवा

[दृश्य: बडोदे, मकरपुरा औद्योगिक वसाहत. शेडच्या दारात ट्रेलर, त्यावर फायबरची होडी.]

बडोद्याला समुद्र नाही. सूरसागर आहे, आजवा आहे, मगरींची विश्वामित्री आहे. पण खाऱ्या पाण्यात उतरायचं असेल, तर इथल्या होडीला आधी हमरस्ता गाठावा लागतो. मकरपुऱ्याच्या या शेडमध्ये डागडुजी झालेली ही होडी आता कोकणच्या किनाऱ्याला निघाली आहे. लांबी सात मीटर, रुंदी दोन मीटर चाळीस. ट्रेलर धरून वजन दोन टनांच्या घरात.

[दृश्य: होडीची पिछाडी. दोन वाकलेले स्टीलचे हात, त्यांना आडवी टांगलेली डिंगी.]

मागे बाहेर आलेले हे दोन हात म्हणजे डेव्हिट. मोठी होडी खोल पाण्यात नांगरावी लागते. तिथून किनाऱ्यावर ये-जा करायला ही छोटी डिंगी. काम झालं की दोर-कप्पीने वर ओढून डेव्हिटला टांगून ठेवायची. समुद्रावर याच्यासारखी सोय नाही.

रस्त्यावर निघताना मालकाला वाटतं, आहे तिथे राहू दे. उतरवायला माणसं गोळा करा, इंजिन सोडा, मग हे सगळं ठेवायचं कुठे? या शेडमध्येही आज सकाळी मालक आणि इथले काका यांच्यात हाच विषय निघाला.

"काका, चांगले जाड पट्टे मारू. हलायची नाही."

"साहेब, हलायची नाही तीच मोडायची. उतरवू या."

काकांचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटलं, आणि ही फिल्म त्यासाठीच केली आहे.

[दृश्य: डिंगीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजपट्टी.]

आधी साधी मोजपट्टी लावू. डिंगी दोन मीटर सत्तर. होडीपेक्षा ती दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा सेंटिमीटर बाहेर आली आहे. आपल्याकडे 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीची कमाल रुंदी 2.6 मीटर आहे. म्हणजे एकटी होडी नियमात बसते, आणि डिंगी टांगली की बसत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर आलेल्या मालाला वीस हजार रुपये दंड आहे, वर माल उतरवायचा खर्च वेगळा. पण दंडापेक्षा मला काळजी वाटते ती मोटारसायकलवाल्याची. रात्री होडीच्या कडेचा अंदाज घेऊन तो बाजूने पुढे निघतो, आणि पंधरा सेंटिमीटरचं ते टोक नेमकं त्याच्या खांद्याच्या उंचीला असतं.

शिवाय मागून येणाऱ्याला दिसतं काय? ट्रेलरचे मागचे दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट डिंगीच्या पोटाआड गेलेत. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आणि तो दिसलाच पाहिजे.

[दृश्य: ट्रेलरचा पुढचा आकडा वजनकाट्यावर टेकवलेला.]

आता जरा थांबून बघा, कारण खरा धोका इथे आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ट्रेलर सरळ रेषेत चालायचा तर पुढच्या आकड्यावर, म्हणजे तो गाडीच्या हुकाला जिथे अडकतो त्या टोकावर, त्याचा ठरावीक भार पडावा लागतो. होडीच्या ट्रेलरला हा भार एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के ठेवतात. या ट्रेलरचा आकडा काट्यावर ठेवला तेव्हा 120 किलो भरला, म्हणजे सहा टक्के. ठीक आहे.

डिंगी आणि तिचं इंजिन मिळून साठ किलो. हे साठ किलो एक्सलच्या तीन मीटर मागे लटकतात, आणि आकडा एक्सलच्या साडेचार मीटर पुढे आहे. साठ गुणिले तीन, भागिले साडेचार. चाळीस. डिंगी टांगली की आकड्यावरचे चाळीस किलो उचलले जातात आणि उरतात फक्त ऐंशी. एकूण वजन मात्र साठ किलोने वाढलं. टक्केवारी चारच्याही खाली आली.

अशा वेळी गावातल्या वेगात काही जाणवत नाही. चालक म्हणतो, मस्त चाललीय. हमरस्त्यावर वेग वाढला, शेजारून कंटेनर गेला, की ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. एकदा झुलायला लागला की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होऊ शकतो. घाबरून स्टिअरिंग वळवलं तर तो आणखी चिघळतो. ॲक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा, इतकंच हातात असतं.

[दृश्य: जांबुवाचा पूल, ट्रकांची रांग. मग करजणकडे जाणारा मोकळा रस्ता.]

मकरपुऱ्यातून बाहेर पडलं की जांबुवाचा अरुंद पूल आणि तिथली कायमची गर्दी. पुढे पोर, करजण ही गावं, आणि मग भरूचला नर्मदा. 2017मध्ये खुला झालेला तिथला नवा केबलचा पूल सव्वा किलोमीटरहून लांब आहे. नदीचं पात्र रुंद, खाडीकडून येणारा वारा आडवा, आडोसा कुठलाच नाही. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाचा वारा सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला तीस-पस्तीस किलोंचा दाब देतो. चाळीसच्या वेगाला तो एक चतुर्थांश. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, हे गणित चालकाला पाठ असलं पाहिजे.

[दृश्य: कॅमेरा डेव्हिटच्या बुडाशी, अगदी जवळून.]

हा बोल्ट बघा. डेव्हिट जिथे होडीच्या मागच्या भिंतीला जोडलंय, तिथे पांढऱ्या चकचकीत थरावर बारीक तडे गेलेत. बोल्टच्या भोकापासून निघून ते सगळीकडे पसरलेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे. नखाने चाचपडलं तर कळतात. ही होडी मागच्या वेळी डिंगीसकट आली होती.

समुद्रात होडी सगळीच्या सगळी हलते, आणि लाटेची चाल संथ असते. रस्त्यावर तसं नाही. खड्ड्याचा दणका चाकातून, पाट्यांतून, फ्रेममधून थेट वर येतो, आणि पिछाडी एक्सलपासून लांब असल्यामुळे शेवटच्या टोकाला तो सर्वांत जास्त उसळतो. उसळून खाली येताना साठ किलोंची डिंगी क्षणभर शंभर-सव्वाशे किलोंसारखी ओढते. प्रत्येक गतिरोधकावर. त्यात डेव्हिटचा हात लांब, म्हणजे बोल्टवर तरफेचा जोर आणखी. आतून स्टीलची रुंद पट्टी न लावता नुसता वॉशर लावलेला असेल, तर फायबर दबतं आणि पाणी झिरपायला वाट मिळते.

काकांचं सकाळचं वाक्य इथे कळतं. घट्ट पट्ट्यांनी डिंगीचं डोलणं थांबतं, दणका थांबत नाही. तो सगळा बोल्टवर जातो.

[दृश्य: रबरी डिंगीवर ऊन. पट्टा ट्यूबमध्ये रुतलेला.]

फुगवायची डिंगी असेल तर उन्हाचा हिशेब वेगळा. सकाळी पंचवीस अंशांना पाव बार दाबाने भरलेली ट्यूब दुपारी पन्नास अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब जवळजवळ दीडपट होतो. पट्टा रबरात रुततो. संध्याकाळी हवा निवते आणि तोच पट्टा ढिला पडतो. मग तो घासायला लागतो, मैलोन्‌मैल, एकाच जागी.

म्हणून हवा काढा आणि गुंडाळा. फुगवायच्या होडीचा मोठा फायदाच हा. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा अशाच होड्या गल्ल्यांतून फिरल्या. अशा होड्या वापरणाऱ्या एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन बडोद्याजवळ जरोदला आहे. अशी होडी ट्रकमध्ये मावते, इंजिन वेगळं जातं, आणि पाण्यापाशी पोचल्यावर हवा भरता येते.

[दृश्य: चार जण डिंगी खाली घेताना. इंजिन आधीच उतरवलेलं.]

फायबरची डिंगी गुंडाळता येत नाही. ती ओढणाऱ्या पिकअपच्या हौद्यात गेली तर उत्तम. दुसरी जागा होडीच्या नाळेकडची, पुढच्या डेकवर, पालथी. तिथे वजन एक्सलच्या पुढे येतं, आकड्यावरचा भार थोडा वाढतो. तो पुन्हा काट्यावर बघायचा, कारण गाडीच्या हुकालाही मर्यादा आहे. पालथ्या डिंगीच्या पुढच्या कडेखालून वारा शिरून ती वर उचलतो, तेव्हा आडव्या पट्ट्यांबरोबर एक पट्टा पुढून मागे हवाच. पट्ट्याखाली जुन्या गालिच्याचे तुकडे. आणि उंची मोजायची. रेल्वेच्या विद्युत तारांत पंचवीस हजार व्होल्ट असतात.

उताणी ठेवावीच लागली तर तिचं बूच काढून ठेवा. एका पावसात शंभर लिटर पाणी साचलं तर शंभर किलो वाढले.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरांवर एकदा गाडी थांबवायची आणि सगळे पट्टे हाताने तपासायचे. पोरच्या पुढे चहाला थांबतातच लोक, तिथेच हे उरकतं. चाकाच्या मध्यभागी तळहात टेकवून बघायचा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

[दृश्य: किनारा. उतारावर ट्रेलर.]

पोचल्यावर आधी होडी पाण्यात, मग डिंगी, मग इंजिन. डेव्हिटचे बोल्ट आवळून घ्या. आणि काढलेलं बूच कुणाच्या खिशात आहे, ते डिंगी पाण्यात टाकण्याआधी विचारा.