तो आत आला की आत गेला?

मित्रहो, निवेदनाचा दृष्टिकोन, म्हणजे गोष्ट कुठे उभं राहून सांगितली जाते ते, शिकवताना आपण बहुतेक जण एकाच ठिकाणाहून सुरुवात करतो. फळ्यावर तीन रकाने आखायचे: 'मी' दिसला की प्रथमपुरुषी, 'तू' दिसला की द्वितीयपुरुषी, 'तो-ती' दिसले की तृतीयपुरुषी. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. मग एका उत्तरपत्रिकेत वाचलं, 'निवेदन तृतीयपुरुषी आहे, म्हणून निवेदकाला सगळं माहीत आहे.' यात त्या मुलाचा दोष नव्हता. सर्वनामं शोधायला मीच शिकवलं होतं. नजर कुणाची, हे विचारायला शिकवलंच नव्हतं.

फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९७२ साली हे दोन प्रश्न नेमके वेगळे काढले: बोलतंय कोण, आणि पाहतंय कोण? वर्गात त्यांची परिभाषा नेली नाही तरी चालेल, पण हे दोन प्रश्न न्यायलाच हवेत.

आणि ते न्यायला मराठी आपल्याला फार मदत करते. 'दार उघडून बाबा आत आले.' 'दार उघडून बाबा आत गेले.' दोन्ही वाक्यांत 'मी' नाही. तरी मुलांना विचारा, सांगणारा कुठे उभा आहे? पहिल्यात खोलीत, दुसऱ्यात बाहेर. एका क्रियापदाने जागा बदलली. माझा अनुभव असा, की हे एकदा डोळ्यांना दिसलं की मुलं स्वतःहून पुढचा परिच्छेद तपासायला लागतात.

'मी दार उघडलं' यावरून सांगणारा पुरुष की बाई, ते कळत नाही. 'मी आत गेले' म्हटलं की कळतं. इथेच हरिभाऊ आपट्यांचा दाखला द्यावा. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी यमुनेच्या तोंडून, 'मी' म्हणून येते. लेखक पुरुष, 'मी' बाई. लेखक आणि निवेदक यांची गल्लत थांबवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

खरी कसोटी मात्र तृतीयपुरुषी निवेदनात लागते. मी वर्गात हा उतारा देतो: 'सुमन खिडकीपाशी बसली होती. आज पत्र येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पोस्टमन फाटकाशी थबकला. त्याला तिची कीव येत असावी.' इथे 'असावी'खाली रेघ मारायला सांगायचं. ही शंका कुणाची? सुमनची. म्हणजे निवेदक 'ती' म्हणतोय, पण पाहतोय तिच्या डोळ्यांनी. आता 'असावी'च्या जागी 'होती' घाला. निवेदक एकदम पोस्टमनच्याही मनात शिरला! 'असावा', 'बहुतेक', 'म्हणे', 'जणू' हे शब्द दिसले की थांबायचं आणि विचारायचं, अंदाज कुणाचा, ऐकलं कुणी?

लेख आणि बातम्यांनाही हेच लागू आहे. 'आम्ही हे सोसलं' म्हटलं की वाचक बाहेर राहतो, 'आपण हे सोसलं' म्हटलं की तोही आत येतो. 'मोर्चामुळे वाहतूक खोळंबली' आणि 'मोर्चा अडवला गेला' या एकाच दिवसाच्या दोन ओळी असू शकतात. त्या लिहिणारे मात्र वेगवेगळ्या बाजूंना उभे होते.

ओळखायला शिकवून झालं की मी लिहायला लावतो. तोच उतारा पोस्टमनच्या नजरेतून लिहा, एवढंच सांगतो. बहुतेक जण नावांची अदलाबदल करून मोकळे होतात. एकदा एक मुलगी उताऱ्यातल्या दुसऱ्या वाक्यावरच अडली. म्हणाली, "सर, पत्र येणार नाही हे तिला ठाऊक आहे, हे याला कसं कळणार?" मी काही बोललो नाही. तिने ते वाक्य खोडलं, बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि लिहिलं: 'आज ती फाटकापर्यंत आली नाही.'