सिनेटच्या नियमांतून गळालेली एक ओळ

मंडळी, अमेरिकन सिनेटमध्ये फिलिबस्टरनं, म्हणजे चर्चा संपूच न देता, विधेयक अडवलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: घटनाकारांनी अल्पमताला दिलेलं हे कवच आहे. तसं अजिबात नाही. दोनतृतीयांश मतं कुठे लागतील हे घटनेत नेमकं सांगितलंय: तह, महाभियोगात दोषी ठरवणं, नकाराधिकार मोडणं, सदस्याची हकालपट्टी, घटनादुरुस्ती. साधं विधेयक त्यात नाही.

मग फिलिबस्टर आला कुठून? नियमांच्या साफसफाईतून! १८०५ मध्ये उपाध्यक्ष आरन बर यांनी निरोपाच्या वेळी सुचवलं की एक नियम फारसा वापरात नाही, तो काढून टाका. (हो, आदल्या वर्षी द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनना गोळी घालणारे तेच बर.) १८०६ मध्ये तो गेला. प्रतिनिधीगृहानं तोच नियम पुढे चर्चा बंद करायचं हत्यार म्हणून वापरला. सिनेटच्या हाती तसं काही उरलं नाही. १९१७ मध्ये मोजक्या सदस्यांनी व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचं विधेयक बोलून बोलून मारलं, तेव्हा कुठे क्लोचर आलं: हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश तयार असतील तरच चर्चा थांबेल.

आता १९६४ कडे या, कारण तिथे हे यंत्र उघडं करून बघता येतं. नागरी हक्क विधेयक, आणि विरोधात रिचर्ड रसेल यांचा दक्षिणी गट. त्यांची युक्ती साधी होती. एकानं बोलायचं, मध्येच दुसऱ्यानं गणसंख्या मोजायला लावायची. ५१ जण भरले नाहीत तर कामकाज थांबणार. म्हणून विधेयकाच्या बाजूनं लढणाऱ्या ह्युबर्ट हंफ्री यांनी पाळ्या लावल्या, कोणी कधी सभागृहाजवळ राहायचं याच्या. बोलणाऱ्यांना आराम मिळायचा, धावपळ बहुमताची! १० जूनला विरोधी गटातले रॉबर्ट बर्ड १४ तासांहून अधिक बोलून खाली बसले आणि चर्चा थांबवायचं मतदान पुकारलं गेलं. शंभरही हजर, म्हणजे ६७ हवेत. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूच्या गाठीमुळे बोलता येत नव्हतं. चाकांच्या खुर्चीतून आणलेल्या त्या माणसानं नाव पुकारल्यावर आपल्या डोळ्याकडे बोट नेलं. इंग्रजीत 'डोळा' आणि 'होय' यांचा उच्चार एकच, 'आय'. ७१ विरुद्ध २९! जुलै संपण्याआधीच एंगल गेले.

वेळ संपत आलीय, म्हणून ज्यासाठी बोलायला उभा राहिलो तो मुद्दा झटपट सांगतो. खरं नुकसान १९७० च्या दशकात झालं. आधी सिनेटमधले बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी दुहेरी कामकाज सुरू केलं: अडलेलं विधेयक बाजूला ठेवायचं आणि बाकीचं चालू द्यायचं. अडवणाऱ्याला बोलायची गरजच उरली नाही. मग १९७५ मध्ये साध्या विधेयकांसाठी ६७ चे ६० केले, आणि सगळे म्हणाले, सोपं झालं. पण मोजणी बदलली होती, तिकडे बघा. पूर्वी ८० जण मत देत असतील तर ५४ पुरायचे, म्हणून विरोधकांना सभागृहात यावंच लागे. आता एकूण सदस्यांच्या तीनपंचमांश. जागा भरलेल्या असतील तर ६० म्हणजे ६०च, विरोधक घरी झोपले असले तरी!

आणि ६० मिळाले तरी काम लगेच होत नाही. १६ सह्यांचा अर्ज, मध्ये एक दिवस, मतदान, नंतर ३० तासांपर्यंत चर्चा. एका विधेयकाला हे दोन-तीनदा करावं लागलं तर आठवडे जातात. अध्यक्षांनी केलेल्या नेमणुकांचा ६० चा अडसर २०१३ मध्ये ५२–४८ नं काढला, सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ मध्ये. अर्थसंकल्पी विधेयकांना वेगळी वाट आहे. बाकीच्यांसाठी मला एकच बदल हवाय: ६० जणांनी 'होय' म्हणण्याऐवजी चर्चा चालू ठेवू पाहणाऱ्या ४१ जणांनी सभागृहात येऊन, आपापल्या नावानं, 'नाही' म्हणावं.