पुरवून पुरवून: ग्रिमेंट्स गावातली एक फेरी

[पिवळी बस. घाटातलं वळण. तीन सुरांचा हॉर्न.]

स्वित्झर्लंडच्या पोस्टबसचा हा हॉर्न. समोरून येणाऱ्याला वळणापलीकडची बस दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर तो प्रत्येक आंधळ्या वळणावर वाजवतो. सिएर हे ऱ्होन नदीकाठचं शहर. तिथून बस निघते ती द्राक्षमळ्यांतून वर चढते, पाँतीच्या कड्याला चिकटून जाते आणि वाल दानिव्हिये, म्हणजे आनिव्हियेच्या खोऱ्यात शिरते. सिएर समुद्रसपाटीपासून साधारण ५३० मीटरवर, खोऱ्यातलं ग्रिमेंट्स गाव १५७० मीटरवर. म्हणजे हजार मीटरची चढण.

हा हजाराचा आकडा ध्यानात असू द्या. आज आपण जे गाव पाहणार आहोत ते सगळं या चढणीतूनच घडलंय.

[गावाचं पहिलं दर्शन. काळी लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं.]

कॅमेरा आधी फुलांकडेच धावतो. जिरॅनियमची ही लालभडक फुलं प्रत्येक खिडकीत, प्रत्येक कठड्यावर ओसंडताहेत. पोस्टकार्डांवर हेच दिसतं. पण जिरॅनियम मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. या घरांच्या मानाने तो कालचा पाहुणा. गाव ओळखायचं तर नजर जरा मागे न्यावी, फुलांच्या पाठीमागच्या काळ्या लाकडावर.

हे लाकूड लार्चचं. सूचीपर्णी झाड, पण हिवाळ्यात सगळी पानं गाळणारं. त्यात राळ भरपूर, त्यामुळे रंग नाही, पॉलिश नाही, तरी शतकानुशतकं टिकतं. दक्षिणेकडची भिंत उन्हाने भाजून कोळशासारखी काळी होते, उत्तरेकडची राखाडी पडते. घराभोवती एक चक्कर मारली की सूर्य कुठून कुठे जातो ते भिंतच सांगते.

आमची फेरी पर्यटन कार्यालयासमोरून निघाली. वाट दाखवणाऱ्या बाई याच खोऱ्यातल्या. त्यांनी सुरुवात इतिहासाने केली नाही. त्या आम्हाला थेट एका राकारच्या पायाशी घेऊन गेल्या आणि खाली वाकून बघा म्हणाल्या.

[जवळून: लाकडी खुंट, त्यावर गोल चपटा दगड, त्यावर तुळई.]

राकार म्हणजे धान्याचं कोठार. जमिनीपासून वर उचललेलं, आखूड लाकडी खुंटांवर उभं. प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर जात्याच्या तळीएवढा एक चपटा दगड आडवा ठेवलेला आणि त्यावर अख्ख्या कोठाराचा भार. उंदीर खुंटावरून चढतो, दगडापाशी येतो आणि अडकतो. पुढे जायचं तर त्याला उलटं लटकत दगडाच्या कडेपर्यंत जावं लागेल, आणि ते काही त्याला जमत नाही. ना चुना, ना खिळा. दगड नुसता ठेवलेला. मी त्या दगडाच्या कडेवरून हात फिरवला. कडा अजून धारदार होती.

आत मधोमध खळं. दोन्ही बाजूंना पेंढ्या रचायच्या आणि मधल्या फळ्यांवर मळणी करायची. बाहेर बर्फ पडत असताना आत राय झोडपत बसायचं. राय हे या उंचीवर हमखास येणारं धान्य. थंडी सोसतं आणि हलक्या जमिनीतही उभं राहतं.

राकारच्या शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं, पण लहान आणि घट्ट बांधणीचं दुसरं कोठार असतं. त्याला ग्रेनिये म्हणतात. मळून झालेलं धान्य, वाळवलेलं मांस आणि सणासुदीचे कपडे इथे. हे सगळं राहत्या घरात का ठेवत नसत? आगीच्या भीतीने. लाकडाच्या गावात एक चूल भडकली तर घर जाईल, पण वर्षाचं धान्य तरी वाचलं पाहिजे. म्हणून घर एकीकडे, शिदोरी दुसरीकडे. घरातही स्वयंपाकघर दगडी भिंतींचं, मागच्या अंगाला. राहायची खोली लाकडाची, पुढे उन्हाकडे तोंड करून. त्या खोलीत शंखजिऱ्याच्या दगडाची शेगडी. एकदा तापली की रात्रभर ऊब धरते. शेगडीच्या अंगावर मालकाची आद्याक्षरं आणि साल कोरायची इथली पद्धत.

आता मालकीचं बघा. एका राकारला तीन-तीन, चार-चार दारं दिसतात. व्हाले या इथल्या प्रांतात वारसा सगळ्या मुलांत सारखा वाटला जाई. शेत वाटलं, कुरण वाटलं, घराचे मजले वाटले, कोठारातले कप्पे वाटले. एका कोठाराच्या चतुर्थांशाचा एखादा मालक असे, आणि त्या चतुर्थांशाला स्वतंत्र दार. सातबाऱ्यावर नावांची रांग पाहिलेल्या माणसाला हे काय प्रकरण आहे ते समजावून सांगायला नको. इतक्या तुकड्यांत वाटलेलं गाव टिकलं कसं, हा प्रश्न मला पडला आणि त्याचं उत्तर पुढच्या दोन थांब्यांवर मिळालं.

[गावभट्टी. आतून काजळलेली कमान.]

पहिला थांबा, सामाईक भट्टी. रायचा पाव वर्षातून दोन-तीनदाच भाजत. सगळं गाव पाळीपाळीने भट्टी लावी, कारण एकदा तापवलेली भट्टी थंड होऊ देणं म्हणजे लाकूड वाया घालवणं. पाव फळ्यांच्या मांडणीवर उभे करून वाळवत. काही आठवड्यांत ते इतके कडक होत की साधी सुरी चालत नसे. पाटाला एका टोकाने बिजागरीने जोडलेलं पातं असे, ते खाली दाबून पाव कापायचा. आपल्या अडकित्त्याची मोठी आवृत्ती समजा. मग तो तुकडा दुधात नाहीतर सूपमध्ये भिजवायचा. आज या पावाला 'पाँ द सेग्ल व्हालेझां' म्हणून उगमस्थानाचं संरक्षित नाव आहे आणि तो ताजा, खमंग मिळतो. मी तो खाल्ला. आंबूस, दाट, दाताखाली बसणारा. पण सहा महिन्यांपूर्वीचा पाव दातांवर सोसणाऱ्या माणसांना त्याची चव काय लागत असेल, ते त्या एका घासावरून कळणं कठीण.

दूध, चीज, राय, मांस ही सगळी वरची पिकं. द्राक्षं मात्र या उंचीवर पिकत नाहीत. आणि वाइनशिवाय या लोकांचं चालत नसे. म्हणून आनिव्हियेच्या गावांनी खाली सिएरमध्ये मळे घेतले. ते कसायला वर्षातून अनेकदा सगळं गाव उतरे. नुसते बापे नाहीत, बायका, मुलं, गुरं, सोबत पाद्री आणि शाळामास्तरसुद्धा. सिएरच्या म्युराझ, व्हिला या भागांत यांची दुसरी घरं होती. वसंतात खाली छाटणीला, मग वर पेरणीला, उन्हाळ्यात गुरं आणखी वर कुरणांत, शरदात पुन्हा खाली द्राक्षतोडणीला, हिवाळ्यात वर बर्फात. हजार मीटर उतरायचं, हजार मीटर चढायचं. एकच संसार दोन-तीन ठिकाणी मांडायचा आणि पुन्हा आवरायचा.

मळ्यातलं सामाईक काम करायला निघताना पुढे आडव्या बासऱ्या आणि ढोल वाजत. आजही वसंतात या गावांचे लोक सिएरच्या मळ्यात कामाला जातात तेव्हा बासऱ्या आणि ढोल सोबत असतात. वाद्यांच्या तालावर कुदळी चालतात.

हे भटकेपण थांबलं कशाने? सिएरजवळ शिपी इथे १९०८मध्ये ॲल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला आणि खोऱ्यातली माणसं रोजंदारीला उतरू लागली. पुढे १९५८मध्ये गावाच्या वर म्वारीचं धरण पूर्ण झालं, १४८ मीटर उंच, कमानीसारखं वाकलेलं. मग पर्यटन आलं. काल ज्या पोटमाळ्यावर रायच्या पेंढ्या होत्या तिथे आज पाहुण्यांच्या खोल्या आहेत. २००९मध्ये ग्रिमेंट्स आणि खोऱ्यातल्या आणखी पाच गावांची मिळून आनिव्हिये ही एकच नगरपालिका झाली.

पण नगरपालिकेहून जुनी एक संस्था गावात आहे, आणि आपला दुसरा थांबा तिचाच.

[१५५०मधलं घर. जड दार, दगडी पायऱ्या.]

हे 'मेझों बुर्झ्वाझियाल', म्हणजे बूर्झ्वांचं घर. 'बूर्झ्वा' हा शब्द आपल्याकडे वैचारिक वादांतून आला आणि शिवी होऊनच राहिला. इथे त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. गावच्या मूळ कुटुंबांची ही सामाईक संस्था. जंगल, उन्हाळी कुरणं, द्राक्षमळा, यांचा मालक कुणी एकटा नाही, सगळी मूळ घराणी मिळून. हक्क वारशाने येतो आणि त्याच्याबरोबर कामही येतं. वर्षातून ठरलेले दिवस मळ्यात राबायचं. लिहिणं-वाचणं थोड्यांनाच येई त्या काळी व्हालेमध्ये हे हिशेब लाकडी काठ्यांवर खाचा पाडून ठेवत. प्रत्येक घराण्याची खूण वेगळी, आणि कुणाचं पाणी, कुणाची गाय, कुणाचा कामाचा दिवस हे त्या खाचांवरून कळे.

मघाच्या प्रश्नाचं उत्तर हे. घर, शेत, कोठार यांचे तुकडे पडले. पण जे वाटलं तर सगळ्यांचाच नाश होईल ते या लोकांनी वाटलंच नाही. मला यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथेच.

सभेच्या खोलीत लांब टेबलं, बाकं आणि फळीवर कथलाच्या सुरयांची रांग. सूर्यप्रकाश त्यांच्यावर मंद पडतो, चांदीसारखा चमकत नाही. बाईंनी खालच्या तळघराचं कुलूप काढलं.

[तळघर. अंधार. एका दिव्याचा उजेड.]

आधी वास येतो. राळेचा, ओल्या दगडाचा, अक्रोडाच्या सालीचा. मग पिंपं दिसू लागतात. हीसुद्धा लार्चचीच. त्यांत आहे 'व्हँ द्यु ग्लासिए', हिमनदीची वाइन. ती हिमनदीत ठेवत नाहीत. खाली सिएरला तयार झालेली वाइन खेचरांवर लादून वर, हिमनद्यांच्या शेजारच्या थंड गावात मुरायला आणत, म्हणून हे नाव. द्राक्ष मूळचं 'रेझ' जातीचं. पांढरं, आंबट, फार जुनं. याच खोऱ्याच्या १३१३ सालच्या दस्तऐवजात त्याचा उल्लेख सापडतो. आता त्याची लागवड फार थोडी उरलीय.

हिची रीत अशी, की पिंप कधी रिकामं करायचं नाही. थोडी काढायची आणि तेवढीच नवी वरून भरायची. जुनी नवीला मुरवते आणि नवी जुनीला जिवंत ठेवते. घरात विरजण एका दिवसावरून दुसऱ्या दिवसावर चालतं ना, तसंच, फक्त इथे माप वर्षांचं.

सगळ्यांत जुनं पिंप भिंतीशी आहे. त्याला बिशपचं पिंप म्हणतात. ते १८८६ सालचं.

बाईंनी तोटी फिरवली. धार बोटभरही नव्हती. पेल्यात आली ती तळाशी जेमतेम, जुन्या मधाच्या रंगाची. चव गोड नाही. आधी आंबट, मग कडसर, मग बराच वेळ अक्रोड आणि लाकूड. घोट संपला तरी ती तोंडात राहते. आम्ही सहा जण होतो आणि कुणीच काही बोललं नाही. दुसरा पेला कुणाला मिळाला नाही, कुणी मागितलाही नाही.

बाईंनी तोटी घट्ट केली, तोंडाशी थांबलेला थेंब बोटाने टिपला आणि पिंपावर हलकेच थाप मारून आवाज ऐकला. किती उतरलंय ते त्यांना आवाजावरून कळतं. मग दिवा घेऊन त्या पायऱ्या चढू लागल्या. या वर्षीची भर अजून पडायची होती.

[अंधार. कुलपाचा आवाज. बाहेर गायींच्या घंटा.]