बरोबर सहा वाजून पाच मिनिटांनी

[पडद्यावर एक छोटा स्टुडिओ. मधोमध रिंग, बाजूला मुलाखतीची जागा. पार्श्वसंगीत नाही.]

लढत अजून सुरू व्हायची आहे. एक रेसलर माइकसमोर उभा राहून नुसता बोलतोय. पण क्षणभर त्याला विसरा आणि कान द्या समोरच्या आवाजाकडे. त्याचं वाक्य पुरं होईतोवर बाकांवरून कोणीतरी टोमणा मारतं. तो थांबतो. आवाज आला त्या दिशेला मान वळवतो. स्टुडिओत खसखस पिकते आणि पुढचं वाक्य तो जरा चढ्या आवाजात टाकतो.

वीस हजारांच्या स्टेडियममध्ये हे घडत नाही. तिथे प्रेक्षकांची मिळून एकच गर्जना होते. इथे प्रत्येक आवाजाला मालक आहे.

मंगळवार, 8 ऑक्टोबर 2019. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली आणि यूट्यूबवर व्यावसायिक रेसलिंगचा, म्हणजे निकाल आधी ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीचा, एक नवा कार्यक्रम सुरू झाला. नाव ‘एनडब्ल्यूए पॉवर’. इंग्रजीत लिहिताना त्याच्या शेवटी मुद्दाम तीन वेळा ‘आर’ लिहितात. चित्रीकरण अटलांटातल्या जॉर्जिया पब्लिक ब्रॉडकास्टिंगच्या स्टुडिओत. एक तासाचा भाग, पाहायला फुकट.

तो आठवडाही आठवून पाहा. 2 ऑक्टोबरला एईडब्ल्यू या नव्या रेसलिंग कंपनीचा ‘डायनामाइट’ सुरू झाला होता. 4 ऑक्टोबरला डब्ल्यूडब्ल्यूईचं ‘स्मॅकडाउन’ फॉक्स वाहिनीवर आलं होतं. दोन्हीकडे भलीमोठी सभागृहं, घरभर उजेड पडेल असे पडदे, आगीचे लोळ. आणि त्याच गर्दीत हे लोक एका खोलीत रिंग मांडून बसले होते. आपल्याला वाटेल, कोण बघणार? लोकांनी बघितलं. आणि बघून झाल्यावर ज्या गोष्टीबद्दल ते सगळ्यात जास्त बोलले, ती म्हणजे माणसांचं बोलणं. कुठलाही डाव किंवा उडी त्यानंतर.

[जुन्या टीव्ही संचाचं दृश्य. घड्याळ: 6:05.]

सहा वाजता का नाही? सहा पाचच का? याचं उत्तर टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांच्याकडे आहे. अटलांटातली त्यांची वाहिनी डिसेंबर 1976मध्ये उपग्रहावर गेली आणि देशभर दिसू लागली. पुढे त्यांनी आपले कार्यक्रम ठोक्याला सुरू न करता पाच मिनिटं उशिरा सुरू करायला सुरुवात केली. त्यामुळे वेळापत्रकात त्यांच्या कार्यक्रमाची ओळ वेगळी उठून दिसायची. त्याच वाहिनीवर शनिवारी संध्याकाळी 6:05ला जॉर्जियाची कुस्ती लागायची. माइकवर समालोचक गॉर्डन सोली. बातम्या देणाऱ्या माणसाइतका गंभीर आवाज. सोली डावाचं नाव नेमकं सांगायचे, रक्त आलं तर आवाज आणखी खाली आणायचे, त्यामुळे घरी बसलेल्या माणसाला वाटायचं की हा खोटं कशाला बोलेल.

या वेळेवर लोकांचा किती जीव होता, हे 14 जुलै 1984ला कळलं. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचे, मालक विन्स मॅकमहन यांनी जॉर्जियाच्या कुस्ती कंपनीचे बहुसंख्य शेअर विकत घेतले होते. त्या शनिवारी लोकांनी नेहमीप्रमाणे टीव्ही लावला, तर समोर त्यांची माणसं नव्हती. सोली नव्हते. न्यूयॉर्कवाल्या कंपनीचे चकचकीत तुकडे चालू होते. वाहिनीवर फोन आणि पत्रांचा भडिमार झाला. चाहते तो दिवस आजही ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखतात. टर्नर यांनी शेवटी जुन्या कंपनीतल्या ओल अँडरसन यांना शनिवारी भल्या सकाळची वेळ दिली. पुढच्या वर्षी मॅकमहन यांनी ती संध्याकाळची जागा दुसरे आयोजक जिम क्रॉकेट यांना 10 लाख डॉलरला विकली.

पस्तीस वर्षांनी यूट्यूबवर कोणी 6:05 असा आकडा लावतं, तेव्हा ते त्या फोन करणाऱ्या माणसांना हाक मारत असतं. माझ्या मते ‘पॉवर’मधली ही सगळ्यात नेमकी खूण होती, आणि ती ओळखणाऱ्यांना पहिल्याच मिनिटाला भरून आलं.

आता जुन्या पद्धतीचा कार्यक्रम म्हणजे नेमकं काय, ते बघू.

नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए, 1948मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटरलू गावी स्थापन झाली. ती तेव्हा एक कंपनी नव्हती. वेगवेगळ्या भागांतल्या आयोजकांनी आपापले प्रदेश वाटून घेतले होते आणि सगळ्यांमिळून एकच जगज्जेता मानायचा, असं ठरवलं होतं. तो जगज्जेता गावोगाव फिरायचा. प्रत्येक गावात तिथल्या लाडक्या पैलवानाशी लढायचा, त्याला जिंकता जिंकता राहू द्यायचा आणि जेतेपदाचा पट्टा घेऊन पुढच्या गावी जायचा.

अशा व्यवस्थेत टीव्ही ही जाहिरात होती. स्टुडिओत मोठा पैलवान एखाद्या नवख्याला तीन मिनिटांत लोळवायचा आणि मग माइकसमोर येऊन सांगायचा की येत्या शुक्रवारी अमुक गावी मी अमक्याचं काय करणार आहे. ते बोलणं म्हणजे प्रोमो. प्रोमो जमला तर सभागृह भरायचं, नाही जमला तर खुर्च्या रिकाम्या. म्हणून त्या काळचे पैलवान इतके जीव तोडून बोलायचे. त्यांच्या घरची चूल त्या दोन मिनिटांवर होती.

डस्टी ऱ्होड्स आठवा. प्लंबरचा मुलगा, सुटलेलं पोट, बोबडं बोलणं. ऑक्टोबर 1985मध्ये तेव्हाचा जगज्जेता रिक फ्लेअरला आव्हान देताना डस्टी कुस्तीबद्दल कमी आणि कापड गिरणीतल्या, मोटार कारखान्यातल्या बेकार झालेल्या कामगारांबद्दल जास्त बोलला. तीस वर्षं राबलेल्या माणसाच्या हातावर घड्याळ ठेवून त्याला कसं घरी पाठवतात, ते सांगितलं. मग कॅमेऱ्याकडे हात पुढे केला आणि घरी बसलेल्यांना म्हणाला, तुम्हीही हात लावा. तो तुकडा आजही लोक काढून बघतात. जानेवारी 2020मध्ये ‘पॉवर’वाल्यांनी आपल्या मोठ्या कार्यक्रमाला त्याच भाषणावरून ‘हार्ड टाइम्स’ नाव दिलं.

[पट्ट्याचा क्लोजअप. मध्यभागी उंचावलेला पृथ्वीगोल.]

हा तो पट्टा. 1973पासूनची घडण. याला चाहते ‘दहा पौंड सोनं’ म्हणतात. 2017मध्ये स्मॅशिंग पंपकिन्स या बँडचे गायक बिली कॉर्गन यांनी एनडब्ल्यूए विकत घेतली, तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम एक नाव आणि हा पट्टा आला. प्रदेश कधीच संपले होते. 1 सप्टेंबर 2018ला शिकागोजवळ झालेल्या ‘ऑल इन’ या कार्यक्रमात डस्टीच्या मुलाने, कोडी ऱ्होड्सने, निक ऑल्डिसकडून हा पट्टा जिंकला. दहा हजारांहून जास्त लोक तिथे होते. बापाने मिरवलेला पट्टा मुलाच्या कमरेला आला. पन्नास दिवसांनी ऑल्डिसने तो परत घेतला आणि ‘पॉवर’ सुरू झाला तेव्हा पट्टा त्याच्याकडेच होता.

पहिल्या भागाची मुख्य लढत ऑल्डिस विरुद्ध टिम स्टॉर्म. स्टॉर्म पन्नाशी ओलांडलेला, शाळेत शिकवणारा माणूस. आधी तोही विजेता होता. अट अशी, की हरलास तर ऑल्डिस विजेता असेपर्यंत पुन्हा आव्हान द्यायचं नाही. स्टॉर्म हरला.

इथे चाहत्यांची पहिली खरी प्रतिक्रिया दिसते. हरलेल्या माणसाचं पुढे काय होतं, याची त्यांना काळजी लागली. स्टॉर्म आपल्या आईबद्दल बोलायचा, तर त्या बाईंना चाहत्यांनी ‘मामा स्टॉर्म’ करून टाकलं. मला हे फार मोठं वाटतं. मोठ्या कंपन्यांत रेसलरच्या तोंडी लेखकांनी लिहिलेले संवाद असतात, आणि ते पाठ करून आलेत हे ऐकताना कळतं. इथे बोलणाऱ्याला मुद्दे माहीत होते, शब्द त्याचे होते. मध्येच अडखळला तर ते अडखळणंही राहायचं. स्टुडिओ एवढासा, त्यामुळे मॅटवर पाठ आपटल्याचा आवाज घरापर्यंत यायचा.

चाळिशी-पन्नाशीच्या प्रेक्षकांना आपला शनिवार परत मिळाल्यासारखं झालं, हे तर ओघानेच आलं. पण दुसरा एक प्रेक्षकही होता. मार्च 2001मध्ये टर्नर यांच्या वाहिनीवरची कुस्ती कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली, तेव्हा जी मुलं पाळण्यात होती, ती. त्यांच्याकडे आठवायला काहीच नव्हतं. त्यांनी असा कार्यक्रम जन्मात पाहिला नव्हता. एक माणूस दोन मिनिटं सरळ कॅमेऱ्यात बघून बोलतो आणि आपण हलत नाही, हा अनुभव त्यांना कोरा करकरीत होता. त्यामुळे ‘हे सगळं म्हाताऱ्यांच्या आठवणींचं दुकान आहे’ ही टीका मला पटत नाही.

दुसरी एक टीका मात्र पटते. कार्यक्रमाच्या मध्ये खोट्या जाहिराती यायच्या. एकाच दुकानात वॉफल आणि टायर काढायचे पाने विकणारा टोनी फॉक, जुन्या स्थानिक टीव्हीवरच्या जाहिरातींसारखा. लोकांना त्या आवडल्या. पण काहींचं म्हणणं होतं, की जुन्या काळाची नक्कल करता करता आपण त्याची टर उडवतोय का? सोलींचा सगळा खेळ उभा होता तो गंभीरपणावर. प्रेक्षक हसायला लागला की खलनायकाची भीती जाते.

आणि मग आला ‘द क्वेश्चन मार्क’.

[मुखवटा घातलेला, जाडजूड रेसलर. स्टुडिओत घोषणा.]

तोंडावर मुखवटा, त्यावर प्रश्नचिन्ह. राहणार मॉन्ग्रोव्हिया, असा देश नकाशावर नाही. कराटे येतं म्हणतो. गळ्यावर बोटांचा एक वार करतो, त्याचं नाव मॉन्ग्रोव्हियन स्पाइक. कागदावर हा निव्वळ विनोद आहे. पण स्टुडिओतल्या लोकांनी ठरवून टाकलं, की आपण याच्यावर विश्वास ठेवायचा. तो हात उचलायचा आणि अख्खी खोली ‘कराटे’ म्हणून ओरडायची. खलनायक म्हणून आणलेल्या माणसाला त्यांनी लाडका करून ठेवलं, आणि कार्यक्रमाला त्यांच्या मागे जावं लागलं. मुखवट्यामागचा माणूस, जोसेफ हडसन, 2021मध्ये गेला. तो गेल्यावर लोक हळहळले ते अशाच एका खोलीतल्या आवाजामुळे.

सगळंच जुनं परत आणण्यासारखं नसतं, हेही याच प्रेक्षकांनी दाखवून दिलं. नोव्हेंबर 2019मध्ये समालोचक जिम कॉर्नेट यांनी एका लढतीत इथिओपियातल्या उपासमारीवरून वर्णद्वेषी विनोद केला. कार्यक्रम थेट नव्हता, आधी चित्रित केलेला होता. म्हणजे तो विनोद संकलनातून पुढे गेला होता. चाहते चिडले ते या दोन्ही गोष्टींवर. भाग यूट्यूबवरून काढावा लागला, कॉर्नेट यांनी राजीनामा दिला. जुन्या शनिवारांवर जीव टाकणारी माणसंच त्यात पुढे होती, याचा मला मनापासून आदर वाटतो.

एक गंमत सांगायची राहिली. ‘हार्ड टाइम्स’मध्ये त्यांनी टेलिव्हिजन चॅम्पियनशिप पुन्हा सुरू केली आणि लढतीला वेळ ठेवली 6 मिनिटं 5 सेकंद. घड्याळ संपत आलं की बाकांवरचे लोक उभे राहायचे. साध्या आकड्यातून इतका ताण काढणं, याला जुनं कसब म्हणतात.

मार्च 2020मध्ये सगळं थांबलं. महासाथीत स्टुडिओ बंद झाला. वर्षभराने, मार्च 2021मध्ये कार्यक्रम परतला, तोवर तो पैसे भरून पाहण्याच्या सेवेवर गेला होता आणि समोर प्रेक्षक नव्हते. रेसलर तेच, माइक तोच. तो माणूस वाक्य संपवायचा, थांबायचा, आणि समोरून काहीच यायचं नाही. तुम्ही तो जुना भाग आणि हा भाग एकापाठोपाठ लावून पाहा. अर्धा कार्यक्रम त्या बाकांवर बसत होता, हे तेव्हा कळतं.

[सेंट लुईस. हॉटेलातलं जुनं सभागृह.]

29 ऑगस्ट 2021. सेंट लुईसचं चेस हॉटेल. 1959पासून 1983पर्यंत इथली कुस्ती टीव्हीवर दिसायची, माणसं ठेवणीतले कपडे घालून बघायला यायची. या रात्री खुर्च्यांवर माणसं आहेत. रिंगमध्ये ऑल्डिस आणि त्याच्यासमोर ट्रेव्हर मर्डॉक, हार्ली रेस यांच्या शाळेत घडलेला पैलवान. रेस याच पट्ट्याचे थोर मानकरी. ‘पॉवर’चा पहिला भाग दिसायच्या दोनच महिने आधी, 1 ऑगस्ट 2019ला ते वारले. मर्डॉक अनेक वर्षं मोठ्या टीव्ही कार्यक्रमांपासून लांब होता, मग त्या छोट्या स्टुडिओत लढू लागला आणि तिथल्या बाकांनी त्याला आपला मानलं. आज हरला तर त्याला निवृत्त व्हायचंय.

पंच मॅटवर हात मारतो. एक. दोन. सभागृहातले लोक त्याच्याबरोबर मोजतायत. तीन.

ऑल्डिसकडे तो पट्टा 1,043 दिवस होता. आता तो मर्डॉकच्या हातात आहे, आणि आवाज इतका आहे की समालोचक काय म्हणतोय ते ऐकू येत नाही.

[आवाज तसाच राहतो. चित्र काळं होतं.]