झिजू द्यायचे देव

श्रोतेहो, नमस्कार.

संग्रहालयात जतनाचं काम शिकताना पहिला धडा मिळतो तो हा, की ऊन, ओल आणि कीड यांपासून वस्तू वाचवायची. मीही तेच शिकले. मग झुनींच्या अहायूदाची हकिगत कळली, आणि वाचवणं म्हणजे काय, हेच पुन्हा शिकावं लागलं.

झुनी हा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतला मूळनिवासी समाज. अहायूदा हे त्यांचे जुळे युद्धदेव. हिवाळ्यात दिवस सर्वांत लहान असतो, त्या सुमारास ते लाकडातून नव्याने घडवतात आणि उघड्यावरच्या देवस्थानात बसवतात. आधीचे तिथेच शेजारी राहतात. ऊन-पाऊस झेलत त्यांनी मातीत मिसळायचं, हेच त्यांचं काम. आम्ही संग्रहालयवाल्यांनी मात्र त्यांना काचेआड कोरडं ठेवलं. झुनींचं म्हणणं साधं होतं: देव साऱ्या समाजाचे, ते विकायचा हक्क कुणा एकाला नाही; म्हणजे बाहेर गेलेला प्रत्येक अहायूदा चोरीलाच गेलेला. १९७८पासून त्यांनी ते परत मागितले. १९९२पर्यंत साठाहून अधिक परत आले आणि पुन्हा चोरी होऊ नये अशा बंदोबस्तात, पण उघड्या आभाळाखालीच ठेवले गेले.

दुसरी गोष्ट सांगताना अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. कीड लागू नये म्हणून पूर्वी पिसं, कातडी, लोकर यांवर सर्रास आर्सेनिक वापरत. अमेरिकेतल्याच होपी या मूळनिवासी समाजाला परत मिळालेल्या धार्मिक वस्तूंतही ते सापडलं. या वस्तू विधीत अंगावर घ्यायच्या असतात! म्हणून आता क्ष-किरणांच्या यंत्राने तपासणी करून, काय सापडलं ते समाजाला स्पष्ट सांगणं, हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे.

अमेरिकेत १९९०च्या कायद्याने मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू मूळनिवासी समाजांना परत करण्याची वाट खुली केली. २०२४पासून तर त्या मांडण्याआधी किंवा अभ्यासाला देण्याआधी त्या समाजाची संमती लागते. मला हा नियम फार उशिरा आलेला वाटतो.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण श्रोत्यांनो, रसायनशास्त्र शिकाच. पण ज्येष्ठांपुढे वही मिटून बसायलाही शिका. कुठली वस्तू कुणी हाताळायची, कुठल्या छायाचित्राला कुलूप घालायचं, हे तेच सांगतील. न्यूझीलंडमध्ये माओरी वारशाच्या दालनाजवळ खाणं नेत नाहीत आणि पूर्वजांच्या सान्निध्यातून बाहेर पडताना हातावर पाणी घेतात. तिथे दाराशी पाण्याची सोय करणं हेही जतनाचंच काम आहे.