कंट्रोलची प्लेट आधी दाखवा
(सांगलीत जीवशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रहो, आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो बहुतेक वेळा हिरव्यागार ट्रायकोडर्माचा, म्हणजे रोगकारकांना रोखणाऱ्या बुरशीचा असतो. खाली लिहिलेलं असतं, हळदीच्या कंदकुजीवर इतके टक्के नियंत्रण. परीक्षक म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंट्रोलची प्लेट कुठे आहे? म्हणजे ट्रायकोडर्मा न ठेवता नुसता रोगकारक वाढवलेली, तुलनेसाठीची प्लेट. आजचं बोलणं या एका प्लेटभोवती ठेवतो.

हळदच का, हे सांगलीत समजावून सांगायला नको. हरिपूरची पेवं इथलीच, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि कसबे डिग्रजचं हळद संशोधन केंद्र तर हाकेच्या अंतरावर. म्हणजे प्रश्न दारात आहे आणि नमुनाही. काळ्या, निचरा नसलेल्या जमिनीत जुलै ते सप्टेंबरमध्ये सरीत पाणी साचलं की पानं कडेनं पिवळी पडू लागतात, बुंधा मऊ होतो, धरून ओढला की सहज हातात येतो, आणि गड्डा दाबला तर घाण वासाचं पाणी निघतं. यामागे बहुतेक वेळा पिथियम नावाचा सूक्ष्मजीव असतो.

आता पिथियमला आपण सवयीनं बुरशी म्हणतो, पण तो खरी बुरशी नाही. त्याच्या पेशीभित्तिकेत खऱ्या बुरशीसारखं कायटिन मुख्य नसतं, सेल्युलोज आणि ग्लुकान असतात. याचा परिणाम थेट शेतात दिसतो. कंद कुजला की अनेक जण कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करतात. पिथियमवर ते चालत नाही. ट्रायकोडर्मा मात्र खरी बुरशी असल्यामुळे त्याला ते चांगलंच मारक ठरतं. पैसे खर्च करून आपण रोग ठेवतो आणि राखणदार मारतो. ज्या विद्यार्थ्याला कमी खर्चात उपयोगी प्रकल्प करायचा असेल, त्यानं एवढंच करावं: प्लेटमधल्या वाढीच्या माध्यमात कार्बेन्डाझिमचं प्रमाण पायरीपायरीनं वाढवत न्यावं आणि दोघांची वाढ शेजारी शेजारी मोजावी. शेतकऱ्याला ते पोस्टर न वाचताही कळेल.

रोगकारक वेगळा काढताना पहिली चूक नमुन्यातच होते. पूर्ण कुजलेला गड्डा आणला तर त्यातून फ्युजेरियम ही बुरशी आणि इतर उपरे वर येतात, कारण पिथियमचं काम तोवर आटोपलेलं असतं. निरोगी आणि कुजका भाग जिथे भेटतात, तिथले पाच मिलिमीटरचे तुकडे घ्या. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, मग निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुवा आणि निर्जंतुक टिपकागदावर कोरडे करा. मग माध्यमावर ठेवा. ओला तुकडा ठेवला की जिवाणूंची साय धरते. मर्क्युरिक क्लोराइड जुन्या वह्यांमध्ये दिसेल. ते पाऱ्याचं विष आहे, वापरू नका. वाढ आली की लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू या रंगात सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कोवळ्या कवकतंतूंत आडवे पडदे दिसले तर तो पिथियम नव्हे. आणि निरोगी गड्ड्यावर तो टोचून रोग पुन्हा उभा राहतो का, आणि त्यातून तोच जीव परत मिळतो का, हे बघितल्याशिवाय त्याला रोगकारक म्हणू नका.

ट्रायकोडर्मा मिळवणं त्यामानानं सोपं. आजारी रांगेत जे झाड निरोगी उभं असेल, त्याच्या मुळाजवळची दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीची माती घ्या. १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, पुढे दहा-दहा पटीनं पातळ करत १०⁻⁴ पर्यंत. रोज बेंगाल हा रंग आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलेलं माध्यम वापरा. रोज बेंगालमुळे बुरश्या पसरत नाहीत, वसाहती सुट्या राहतात. पण हा रंग उजेडात विषारी होतो, तेव्हा या प्लेट अंधारात ठेवायच्या. नंतर बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर हलवलं की उलट: ट्रायकोडर्माला हिरवे बीजाणू धरायला उजेड लागतो. इन्क्युबेटरचं दार बंद ठेवून "सर, हिरवं होत नाही" म्हणणारे दरवर्षी भेटतात.

आता मुख्य गोष्ट, ड्युअल कल्चर, म्हणजे पिथियम आणि ट्रायकोडर्मा एकाच प्लेटमध्ये वाढवणं. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये समोरासमोर, काठापासून एक सेंटिमीटर आत, दोन्हींच्या पाच मिलिमीटरच्या चकत्या ठेवायच्या. चकती वसाहतीच्या वाढत्या कडेची घ्यायची, मधली म्हातारी नको. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: पिथियमची कंट्रोलमधली वाढ वजा ट्रायकोडर्मासमोरची वाढ, भागिले कंट्रोल, गुणिले शंभर. कंट्रोलमध्ये ४० मिलिमीटर आणि समोर ट्रायकोडर्मा असताना १४, तर ६५ टक्के.

गडबड वेगात आहे. पिथियम अफॅनिडर्मेटम ही जात तिशीच्या पुढच्या तापमानात दीड-दोन दिवसांत प्लेट भरते. ट्रायकोडर्माला तीन-चार दिवस लागतात. दोघं एकाच दिवशी ठेवले आणि माप पाचव्या दिवशी घेतलं, तर कंट्रोल केव्हाच काचेला टेकलेला असतो. पुढे ते माप पिथियमचं राहत नाही, प्लेटच्या व्यासाचं होतं. म्हणून कंट्रोल काठाला पोहोचण्याआधी, बारा-बारा तासांनी मोजा. ट्रायकोडर्माला दोन दिवस आधी ठेवायचं असेल तर ठेवा, पण अहवालात तसं लिहा, आणि कंट्रोलमध्ये त्याच जागी त्याच दिवशी कोऱ्या अगारची चकती ठेवा. किमान तीन, जमल्यास पाच प्लेट. स्केलनं मिलिमीटर मोजून उत्तर ६५.४७२ टक्के लिहिणं हास्यास्पद दिसतं.

ट्रायकोडर्माच्या जातीच्या नावाबद्दल थोडंसं. आयटीएस या डीएनएच्या तुकड्याचा क्रम काढून ९९ टक्के जुळणी आली म्हणजे ट्रायकोडर्मा हार्झियानम ही जात ठरत नाही. या गटातल्या जवळच्या जाती आयटीएसनं सुटत नाहीत, त्यासाठी टेफ-१ हा जनुक बघावा लागतो. तोवर 'ट्रायकोडर्मा, जात अनिश्चित' असं लिहिण्यात कमीपणा नाही. जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातला क्रमांक पोस्टरवर ठळक छापतात, तो मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, क्रम पाठवला की तो मिळतो. त्यापेक्षा चांगलं कल्चर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करा. पदवी घेऊन तुम्ही गेलात आणि फ्रीज बंद पडला, तरी पुढच्या बॅचला ते मागवता येईल.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांच्यासाठी एक छोटा प्रकल्प. बाजारातल्या ट्रायकोडर्माच्या पुडीत ग्रॅममागे किमान २×१०⁶ जिवंत एकक असावेत, असा आपल्याकडचा निकष आहे. दहा ग्रॅम भुकटी वरच्यासारखीच पातळ करा. १०⁻⁴ च्या द्रावणाचे ०.१ मिलिलिटर पसरले तर प्लेटवर साधारण २० वसाहती यायला हव्यात. एक मिलिलिटर घेतलंत तर २०० येतील आणि एकमेकींत मिसळून मोजता येणार नाहीत. मुदत संपत आलेली पुडी, दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळा काढलेली पुडी आणि ताजी पुडी, तिन्ही मोजा. बीजाणू जिवंत असतात हे दुकानदाराच्या ध्यानात नसतं. मोजणी करणाऱ्यांनी द्रावण दर वेळी ढवळून घ्यावं, भुकटी तळाशी बसते आणि आकडा खोटाच कमी येतो. आणि नुसतं निर्जंतुक पाणी पसरलेली एक प्लेट सोबत ठेवावी. तिच्यावर वसाहत उगवली, तर त्या दिवशीच्या सगळ्या प्लेट टाकून द्यायच्या.